युरोपात एमबीबीएस: इटली की बल्गेरिया? की कर्ज काढून डीम्डच बरं?

वारणाकाठ
नमस्कार मंडळी, इथे मी नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. मुलीने यंदा दुसऱ्यांदा नीट दिली, 375 च्या आसपास मार्क आहेत, ओपन. यंदाच्या फिजिक्सने सगळ्यांचंच वाटोळं केलं म्हणतात, असेल, पण त्याचा आम्हाला उपयोग काय. राज्यातल्या प्रायव्हेटला राउंडमागून राउंड झाले, नाव काही लागेना. डीम्डला (अभिमत विद्यापीठांना) लागतंय पण तिथे नुसती फी वर्षाला 20-25 लाख, हॉस्टेल मेस वेगळं. हे सहकारी बँकेत, माझी शाळेतली नोकरी, थोडा ऊस आहे. शेत विकायचा नुसता विषय काढला तरी सासरे ताटावरून उठतील.

गेल्या रविवारी कोल्हापूरला एका हॉटेलात कन्सल्टन्सीवाल्यांचा सेमिनार होता, तिथे जाऊन आलो. त्यांचं म्हणणं बल्गेरियाला पाठवा. सहा वर्षं, युरोपियन युनियनची डिग्री, सगळं इंग्रजीत, नीट फक्त क्वालिफाय पाहिजे, सगळं धरून 60 लाखांत बसतं. सीट धरायला आत्ता 1 लाख भरा म्हणाले, आणि तेव्हापासून रोज फोन चालू आहेत, मॅडम दोनच सीट राहिल्यात म्हणून. दोनच सीट आहेत आणि चार दिवस झाले तरी दोनच आहेत.

इकडे मुलगी म्हणते आई एजंट नकोच, मी इटलीला जाणार, तिथे वेगळी एन्ट्रन्स असते आणि फी जवळजवळ नसतेच. यूट्यूबवर बघून सांगते. मला ते खरं वाटेना, एवढं फुकट कोण डॉक्टर करतं हो?

माझे प्रश्न असे की इटलीचं खरं आहे का, तिकडची डिग्री इथे चालते का, पेशंटशी बोलायची भाषा कशी जमवतात, आणि मधेच काही झालं तर काय. आमच्या गल्लीतला एक मुलगा 2022 ला युक्रेनहून परत आला, त्याच्या आईचे ते दहा दिवस मी बघितलेत. कृपया अनुभव असलेल्यांनीच सांगा.

खवचट_काका
फोनवर "दोनच सीट" ऐकवणाऱ्याला म्हणा आम्हाला तीन पाहिजेत, लगेच निघतील.

इमॅटवाली
काकू, मी इटलीत पाव्हियाला चौथ्या वर्षाला आहे, सांगलीचीच. तुमच्या मुलीने सांगितलंय ते बरंचसं खरं आहे पण यूट्यूबवर अर्धंच सांगतात म्हणून सविस्तर लिहिते.

परीक्षेचं नाव इमॅट. 60 प्रश्न, 100 मिनिटं, बरोबरला दीड मार्क, चुकलं तर 0.4 कट, म्हणजे एकूण 90 पैकी. बायोलॉजीचे 23, केमिस्ट्रीचे 15, फिजिक्स आणि मॅथ्स मिळून 13, बाकी लॉजिक आणि वाचून उत्तरं द्यायचे थोडे. नीट केलेल्या मुलांना बायो केमिस्ट्री सोपं जातं, खरंच, पण आपल्याकडची बहुतेक पोरं अकरावीलाच मॅथ्स सोडून देतात आणि इथे लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, प्रॉबेबिलिटी सगळं येतं, तिथे आपटतात. तिला आत्तापासूनच दहावी अकरावीचं गणित काढायला सांगा. आणि हो, यंदाची इमॅट सप्टेंबरमध्ये होऊन गेली, म्हणजे आता पुढच्या वर्षीचीच. एक वर्ष जाणार हे मनाची तयारी करूनच ठरवा. त्यातल्या त्यात बरं म्हणजे परदेशी ॲडमिशनसाठी नीटचा स्कोअर तीन वर्षं धरतात, त्यामुळे भारतातल्या नियमासाठी परत नीट द्यायची गरज नाही.

बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये इंग्रजी मेडिसिन आहे, पाव्हिया, मिलान, रोमला दोन, बोलोन्या, पादोव्हा, तोरिनो, पार्मा, नेपल्स, बारी, मेसिना वगैरे. युरोपबाहेरच्या मुलांच्या जागा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या आणि मोजक्याच असतात, आणि आपल्याला एकच युनिव्हर्सिटी निवडता येते. हे नीट समजून घ्या, कारण इथेच पोरं गचकतात. युरोपियन मुलं यादी भरतात, एक नाही तर दुसरी मिळते. आपलं तसं नाही, मिलान टाकलं आणि दोन मार्कांनी गेलं तर त्याच मार्कांत दुसरीकडे नंबर लागत असूनही वर्ष गेलं. त्यामुळे मोठ्या शहराच्या नावाला भुलू नका. दरवर्षी मंत्रालयाचं नोटिफिकेशन निघतं ते मूळचं वाचा, नियम बदलत असतात.

आता पैशाचं. फी घरच्या उत्पन्नावर ठरते, पाव्हियासारख्या ठिकाणी जास्तीत जास्त धरली तरी वर्षाला 4-5 हजार युरो. त्यावर रीजनची, म्हणजे इथल्या प्रांताची, स्कॉलरशिप असते, ती मिळाली तर फी माफ, हॉस्टेल किंवा त्याचे पैसे, मेसमध्ये जेवण, आणि वर रोख, बाहेरून आलेल्या मुलांना वर्षाला 7 हजार युरोपर्यंत, त्यातूनच राहण्याजेवणाचे वळते होतात. पहिल्या वर्षी ही स्कॉलरशिप मार्कांवर नसते, उत्पन्नावर असते. मर्यादा साधारण 27-28 हजार युरोची आहे, त्यांच्या फॉर्म्युल्याने काढलेला आकडा, आपल्यासारखी नोकरदार घरं त्यात सहज बसतात. दुसऱ्या वर्षापासून ठरावीक क्रेडिट पूर्ण केले तरच पुढे चालू राहते.

पण ते उत्पन्न सिद्ध करणं म्हणजे एक स्वतंत्र डिग्री आहे. घरातल्या सगळ्यांचं दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न, तहसीलदाराचा दाखला, फॉर्म 16, 31 डिसेंबरला बँकेत किती होते ते, घर किती चौरस मीटर आहे ते. आमच्याकडे घर आजोबांच्या नावावर, शेत चुलत्यांबरोबर सामाईक, सातबाऱ्यावर अकरा नावं. ते सगळं अपॉस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करून इटालियनमध्ये भाषांतर करून इथल्या ऑफिसात नेलं तर खिडकीतल्या बाई दहा मिनिटं नुसत्या त्या कागदाकडे बघत होत्या, मग मला विचारलं यातली तुझी फॅमिली कुठली? मी बाबांच्या नावावर बोट ठेवलं, त्यांनी हायलायटरने रंगवलं आणि कॉपी काढायला आत गेल्या. शेवटी झालं. पण कागद ऑगस्टपासूनच गोळा करायला लागतात, रिझल्टची वाट बघत बसलात तर मुदत निघून जाते. आणि काही रीजनमध्ये पात्र असूनही फंड संपला म्हणून नाव वेटिंगला राहतं, असंही होतं. पैसे उशिरा येतात, पहिले काही महिने पुरतील एवढे घरून पाहिजेतच. व्हिसालाही वर्षाच्या खर्चाचे साधारण 7 हजार युरो दाखवावे लागतात.

फुकट कोण डॉक्टर करतं म्हणालात, तर इथे सरकारी शिक्षण असंच आहे, त्यांच्या स्वतःच्या मुलांनाही हीच फी आणि हीच स्कॉलरशिप. आपल्यावर उपकार म्हणून काही वेगळं नाही.

अभ्यासाचं सांगते, कारण यावर कोणी बोलत नाही. परीक्षा बहुतेक तोंडी. सरांसमोर खुर्चीत बसायचं, मागे बाकावर इतर मुलं ऐकत बसलेली, कारण तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी उघडी असते. 30 पैकी मार्क, 18 ला पास. सर तिथल्या तिथे सांगतात 22 देतो, घेणार का? नको म्हटलं तर पुढच्या तारखेला परत यायचं. नीटची एमसीक्यू मारून मारून आलेल्या पोराला बोलून दाखवायचं म्हटलं की घाम फुटतो. ॲनाटॉमीला मी ब्रेकियल प्लेक्सस (हाताच्या नसांचं जाळं) कागदावर काढून दाखवला, मला वाटलं सुटले, तर त्यांनी कागद उलटा केला आणि म्हणाले आता न बघता सांग, मनगटच वर उचलता येत नसेल तर जखम कुठे शोधशील. आपल्याकडच्या व्हायव्हासारखंच, फक्त मार्क सगळे त्याच्यावरच.

भाषेचं पुढच्या प्रतिक्रियेत लिहिते, लेक्चर आहे.

स्टेथो
वारणाकाठ ताई, मी इथे मेडिकल कॉलेजला मेडिसिनमध्ये आहे, परदेशातून शिकून आलेली पोरं आमच्याकडे इंटर्नशिपला येतात त्यामुळे त्यांची वरात रोज बघतो. वरच्या मुलीने छान लिहिलंय, मला कौतुकच आहे तिचं. पण तुम्ही विचारलेला दुसरा प्रश्न, डिग्री इथे चालते का, तो पहिला असायला पाहिजे होता. कोणता देश हे नंतर. मुलगी शिकून परत येणार आहे का तिकडेच राहणार आहे, हे आधी घरात बसून ठरवा, कारण दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या देशांत आहेत.

नॅशनल मेडिकल कमिशनचे, म्हणजे एनएमसीचे, फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट लायसेन्शिएट रेग्युलेशन्स 2021 म्हणून नियम आहेत, 18 नोव्हेंबर 2021 ला निघाले. त्यानंतर ॲडमिशन घेतलेल्या प्रत्येकाला लागू. कोर्स किमान 54 महिन्यांचा, माध्यम इंग्रजी. त्याशिवाय 12 महिन्यांची इंटर्नशिप, आणि तीही त्याच परदेशी कॉलेजमध्ये. ज्या देशात शिकलात तिथल्या नागरिकाला जसं लायसन्स मिळतं तसंच मिळण्याची पात्रता हवी. पूर्ण शिक्षण एकाच संस्थेत, मधे बदली चालत नाही. आणि सगळं दहा वर्षांत. हे सगळं झालं की इथे येऊन एफएमजीई ही परदेशी पदवीधरांची परीक्षा, ती पास झाली की इथे परत 12 महिन्यांची इंटर्नशिप, मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं कायमचं रजिस्ट्रेशन. एफएमजीईच्या जागी नेक्स्ट नावाची नवी परीक्षा येणार येणार म्हणून वर्षं झाली, आली तर ती.

आता हे इटलीला लावून बघा. तिकडे सहा वर्षांतच प्रॅक्टिकल ट्रेनिंग मुरवलेलं असतं आणि 2020 पासून डिग्री हातात पडली की लायसन्सची पात्रता आपोआप. त्यांच्या दृष्टीने उत्तम आहे. पण आपल्या नियमात लिहिलेली वेगळी 12 महिन्यांची इंटर्नशिप त्यात कुठे आहे? लायसन्ससाठीचं त्यांचं ट्रेनिंग तीन महिन्यांचं असतं. नियम जसा लिहिलाय तसा कुणी लावला तर तुमची मुलगी तिकडे डॉक्टर आणि इकडे फाइल हातात घेऊन कौन्सिलच्या दारात. एजंट यावर म्हणेल होतंय ओ ॲडजस्ट. होत असेल, पण सहा वर्षं आणि बापाचा पीएफ ॲडजस्टवर लावायचा का?

एफएमजीईबद्दलही बोलतो. 300 प्रश्न, 150 बरोबर आले की पास, निगेटिव्ह मार्किंग नाही, कितीही वेळा द्या. ऐकायला काहीच नाही असं वाटतं. जून 2025 ला 19 टक्केही पास झाले नाहीत. पोरं मठ्ठ असतात म्हणून नाही. काही देशांत वॉर्डमध्ये भाषेअभावी नुसती भिंतीला टेकून उभी असतात आणि सहा वर्षांनी आमच्याकडे आली की आयव्ही लाइन टाकताना हात थरथरतात. चांगल्या कॉलेजातून आलेली पोरं आमच्या पोरांच्या बरोबरीने काम करतात, काही तर सरस. फरक वॉर्डमध्ये किती उभं केलं याचा आहे.

आणि इंटर्नशिपच्या जागेचं कुणी सांगत नाही. परदेशी पदवीधरांसाठी कॉलेजच्या जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच कोटा आहे. एफएमजीई पास होऊन जागेची वाट बघणारी पोरं मी पाहिलीत.

वारणाकाठ
बाप रे. डॉक्टर, तुम्ही लिहिलंय त्यातलं एक अक्षरही त्या सेमिनारमध्ये कुणी काढलं नाही. त्यांच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात एनएमसी अप्रूव्ह्ड लिहिलं होतं त्याचं काय मग?

स्टेथो
परदेशातल्या कॉलेजांची "अप्रूव्ह्ड" यादी एनएमसी काढतच नाही. नियमात बसतंय का हे विद्यार्थ्याने स्वतः बघायचं असतं. तो बोर्ड प्रिंटरकडे अप्रूव्ह झालाय.

इमॅटवाली
स्टेथो सरांचं इंटर्नशिपचं बरोबर आहे, लपवण्यासारखं काही नाही. इथे आलेल्या भारतीय मुलांत बरीच अशी आहेत की परत जायचंच नाही असं ठरवून आलीत, इथेच स्पेशलायझेशनची राष्ट्रीय परीक्षा देणार. ती पास झालं की रेसिडेन्सीत महिन्याला 1,600-1,700 युरो मिळतात. इथल्या हिशोबानेही ते फार नाहीत, इटालियन मुलंच कुरकुर करत जर्मनी स्वित्झर्लंडला जातात. मीही परत यायचं धरून आले नाहीये, घरी आधीच सांगितलंय, आई अजून रडते ते वेगळं.

भाषा. लेक्चर इंग्रजी, पुस्तकं इंग्रजी, पेशंट इटालियन. तिसऱ्या वर्षापासून वॉर्ड चालू होतो आणि 80 वर्षांच्या आजी तर इटालियनपण धड बोलत नाहीत, इकडच्या लोम्बार्दिया भागाची बोली बोलतात. सान मात्तेओ हॉस्पिटलात पहिल्यांदा हिस्ट्री घेताना एका आजींनी मला दुखतंय कुठे ते सोडून नातवाच्या लग्नाचं सगळं सांगितलं, मला त्यातलं फक्त मेन्यू कळला. आता जमतं. येण्याआधी इटालियनची ए-टू (प्राथमिक) लेव्हल तरी करून या, म्हणजे पहिलं वर्ष सुसह्य होतं. आणि आल्यावर रूम, पोस्टात जाऊन पेर्मेसोचा (राहण्याच्या परवान्याचा) पिवळा अर्ज, 16 युरोचा स्टॅम्प, मग पोलिसांकडे बोटांचे ठसे, हे सगळं इटालियनमध्येच. आल्यापासून कामाच्या आठ दिवसांत अर्ज टाकावा लागतो.

अजून एक. रिझल्ट ऑक्टोबरमध्ये, मग व्हिसा, त्यामुळे युरोपबाहेरची पोरं नोव्हेंबर डिसेंबरला पोचतात आणि तोवर वर्ग ऑक्टोबरपासून चालू झालेले असतात. हजेरी सक्तीची. पहिलं सेमिस्टर धावपळीतच जातं. बारावीच्या कागदांचं अटेस्टेशन, अपॉस्टिल, भाषांतर, आणि मुंबईच्या इटालियन कॉन्सुलेटचं काम, यातलं जे आधी होण्यासारखं आहे ते आधी उरकून ठेवा.

प्लोवदिव_सहावं_वर्ष
बल्गेरिया निघालंच आहे तर मी लिहितो. मी प्लोवदिवला शेवटच्या वर्षाला आहे. पहिली गोष्ट, 60 लाख कुणी सांगितलं? फीच वर्षाला 8-10 हजार युरो, राहणं खाणं महिन्याला 450-500 तरी धरा, युरो शंभरच्या वर गेलाय, सहा वर्षांचं आणि विमानाचं धरून 85-90 लाखांच्या खाली येत नाही. जानेवारी 2026 पासून इथे लेव हे चलन जाऊन युरोच आलाय, भाव वाढतील की काय म्हणून आमची घरमालकीण त्याच्या आधीपासूनच भाडं युरोत सांगायला लागली होती.

दुसरं, डायरेक्ट ॲडमिशन वगैरे काही नसतं, बायोलॉजी केमिस्ट्रीची एन्ट्रन्स असते. नीट केलेल्या मुलाला अवघड नाही. कॉलेज चांगलं आहे हे मी छातीठोक सांगतो, ॲनाटॉमीला रगडून घेतात, इंग्लंडची खूप मुलं आहेत त्यामुळे इंग्रजीचा प्रश्न नाही. पहिली दोन वर्षं बल्गेरियन भाषा विषय म्हणूनच असते. ती जी पोरं नुसती पास होण्यापुरती करतात ती तिसऱ्या वर्षापासून वॉर्डमध्ये दुसऱ्याच्या पाठीमागे लपतात, डॉक्टर म्हणतात तसं भिंतीला टेकून.

सहावं वर्ष पूर्ण हॉस्पिटलमध्ये, मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, पेडिॲट्रिक्स असं रोटेशन आणि प्रत्येकाच्या शेवटी स्टेट एक्झाम. म्हणजे इंटर्नशिप आहे, डिग्रीच्या आतच आहे. पण ती 12 महिन्यांची म्हणून कागदावर लिहून मिळते का, आणि 54 महिन्यांचा अभ्यास त्याच्याबाहेर वेगळा दाखवतात का, हे ज्या युनिव्हर्सिटीत जाणार तिच्या डीन ऑफिसला स्वतः ईमेल करून विचारा. एजंटला नाही. ईमेलचं उत्तर जपून ठेवा.

खवचट_काका
90 लाखांत अजून थोडे घातले की डीम्डच की. सव्वा कोट डीम्डला, नव्वद लाख बल्गेरियाला, आणि डीम्डला एफएमजीई नाही, थंडी नाही, आजीची बोली नाही. पोरगी शनिवारी घरी जेवायला.

राईनकाठचा
काका, थंडी सोडली तर बाकी मुद्दा बिनतोड आहे. परत यायचं पक्कं असेल आणि पैसे उभे राहत असतील तर भारतातलीच एमबीबीएस घ्यावी असं मीही म्हणेन. मी इथे जर्मनीत रेसिडेंट आहे, पुण्याची एमबीबीएस. माझा अनुभव उलट बाजूचा म्हणून लिहितो.

भारतातली डिग्री घेऊन आलेल्याला इथे आधी जर्मन भाषेची बी-टू लेव्हल, मग मेडिकल जर्मनची सी-वन लेव्हलची परीक्षा, तीन भाग वीस वीस मिनिटांचे, पेशंटशी बोलणं, मग पत्र लिहिणं, मग सीनियर डॉक्टरला केस सांगणं. त्यानंतर आपल्या डिग्रीची बरोबरी तपासतात आणि बहुतेकांना मेडिसिन-सर्जरीची नॉलेज एक्झाम द्यावीच लागते. यात दीड दोन वर्षं सहज जातात. माझ्याच वॉर्डमधली बल्गेरियाला शिकलेली मुलगी फक्त भाषेची परीक्षा देऊन कामाला लागली, कारण युरोपियन युनियनमधली मेडिकलची डिग्री इथे सरळ मान्य होते. सो ज्यांना युरोपातच राहायचंय त्यांच्यासाठी इटली बल्गेरिया रोमानिया यांना अर्थ आहे. पगार पहिल्या वर्षाला महिन्याला 5 हजार युरोंच्या वर, टॅक्स कापायच्या आधी.

जर्मनीतच मेडिसिन शिकायचं का असंही कुणी विचारेल. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत फी नाही, बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये सेमिस्टरला 1,500 युरो. पण शिक्षण जर्मनमधून, बारावीनंतर बहुतेकांना आधी एक वर्ष स्टुडियनकोलेग (प्रवेशाआधीचा तयारीचा कोर्स) करावं लागतं, सीट मिळणं महाकठीण, आणि भारतातल्या नियमातली इंग्रजी माध्यमाची अट तिथेच फुटते. परतीचं दार बंद करून यायचं असेल तरच.

युक्रेनचं विचारलंत. तिथून परतलेल्यांना एनएमसीने तेव्हा मोबिलिटी म्हणून दुसऱ्या देशात उरलेलं शिकायची सवलत दिली, पण ती तेवढ्यापुरती. एरवी मधेच कॉलेज बदललं की एकाच संस्थेचा नियम मोडतो. पहिल्या वर्षी नाही आवडलं म्हणून देश बदलू असं मनात असेल तर ते आत्ताच काढून टाका.

हिशोबनीस
मी डॉक्टर नाही, बँकेत लोन बघतो, त्यामुळे तेवढंच. परदेशी शिक्षणाचं मोठं कर्ज म्हणजे बहुतेक वेळा तारण आलंच, घर किंवा एफडी. सामाईक सातबारा बँक हातात पण धरत नाही, हे आधीच सांगतो. ऊस आहे म्हणजे पैसा आहे असं मॅनेजरला वाटत नाही. व्याजावर इन्कम टॅक्सच्या 80-ई कलमाखाली सूट मिळते, पण जुन्या टॅक्स रेजीमलाच. स्वतःच्या खात्यातून वर्षाला 10 लाखांच्या वर पाठवलंत की वरच्या रकमेवर टीसीएस (आगाऊ कर) कापतात, लोनमधून गेलं तर नाही. कापलेलं रिटर्न भरताना हिशोबात धरतात पण तोवर अडकतं. आणि एजंटच्या भारतातल्या खात्यावर युनिव्हर्सिटीची फी अजिबात भरू नका, फी सरळ युनिव्हर्सिटीच्या खात्यावर, बँकेतून. पावती युनिव्हर्सिटीची पाहिजे.

वारणाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री आम्ही तिघं बसून सगळा धागा मोठ्याने वाचला. मुलीचं म्हणणं मला परत यायचंय असं मी कधी म्हटलंच नाही. तिच्या बाबांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही, मग ते म्हणाले आधी गणिताचं बघ तुझं काय येतंय ते.

सकाळी एजंटला फोन करून विचारलं की 12 महिन्यांची इंटर्नशिप वेगळी आहे असं युनिव्हर्सिटीचं पत्र मिळेल का. मॅडम एवढं कुणी विचारत नाही म्हणाला. नंतर दोन सीटचे फोन बंद झाले. डीम्डचं अजून पूर्ण सोडलेलं नाही, पुढच्या राउंडला नाव राहू देतोय. इटलीचं गणित डिसेंबरपर्यंत करून बघायचं, त्यांचे जुने पेपर सोडवून किती येतात ते बघू.

इमॅटवाली ताई, एक राहिलं. सातबाऱ्याचं इटालियन भाषांतर कुठे करून मिळालं तुला? आमच्यावर तर चौदा नावं आहेत.

इमॅटवाली
आधी मराठीचं इंग्रजी पुण्यात करून घेतलं, मग इंग्रजीवरून इटालियन. मुंबईच्या इटालियन कॉन्सुलेटने कुठले भाषांतरकार चालतात ते आधी विचारून घ्या, दुसऱ्याकडून केलं तर परत पैसे जातात. आणि भाषांतराच्या आधी ताजा उतारा काढा, डिजिटल सहीचा. आमच्या उताऱ्यावर मयत पणजोबा जिवंत होते, वारस नोंद लावून घेण्यातच दोन महिने गेले. चौदातले सगळे हयात आहेत का ते आजच बघा.